तोंडाला रुमाल बांधूनही फवारणीत विषबाधा का होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव कपाशीचं. दर पावसाळ्यात फवारणी करणाऱ्या दोन-चार जणांना गरगरतं, उलट्या होतात, एखाद्याला भरती करावं लागतं. सगळे तोंडाला ओला रुमाल बांधतात, तरी असं का होतं? शेतातल्या विहिरीचं पाणी प्यावं की नाही? आणि कोणाला लागलंच तर दवाखाना गाठेपर्यंत काय करायचं?

रुमालापासूनच सुरुवात करू, कारण घोळ तिथेच आहे. पाठीवरच्या पंपाने फवारताना अंगात जाणारं विष बहुतेक वेळा कातडीतून जातं. श्वासातून जाणारा वाटा त्या मानाने लहान असतो. रुमालाने वाफ अडत नाही. उलट फवाऱ्याचे थेंब त्यात मुरतात आणि तो चिंब रुमाल तीन-चार तास नाका-ओठांना चिकटून राहतो. रुमाल बांधला की काळजी घेतली असं वाटतं, आणि पाठ, मांड्या, हात भिजत राहतात त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

सगळी कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या जुन्या जहाल कीटकनाशकावर माणसांत झालेल्या मोजमापांत, कोपराखालच्या हाताच्या कातडीतून जितकं विष आत गेलं त्याच्या सुमारे चौपट कपाळातून गेलं, जवळपास तितकंच डोक्याच्या कातडीतून गेलं आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ बारापट. म्हणजे पाठीवरून ओघळून चड्डीत उतरणारी गळती ही हातावर उडालेल्या थेंबांपेक्षा किती तरी वाईट. त्यात ऊन, दमट हवा, घामाने भिजलेलं अंग. गरम आणि ओली कातडी विष जास्त वेगाने शोषते.

आता एक हिशोब करू. तो एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप लक्षात येतं. प्रोफेनोफॉस ५० टक्के ईसी हे कीटकनाशक घ्या. त्याच्या १ मिलीमध्ये अर्धा ग्रॅम विष असतं. लिटरला २ मिली या प्रमाणात कालवलं तर १ लिटर फवाऱ्यात १ ग्रॅम विष येतं. म्हणजे बाटलीतलं १ मिली औषध हातावर सांडणं हे अर्धा लिटर फवारा अंगावर ओतून घेण्याएवढंच आहे. शिवाय ईसी म्हणजे तेलकट द्रावकात विरघळवलेलं औषध. ते द्रावक कातडीतला तेलकट थर सहज पार करतं. म्हणून धोक्याची पहिली वेळ शेतात चालण्याची नाही, बांधावर बसून औषध मोजण्याची आहे. फवारताना रुमाल बांधणारा माणूस मोजताना उघड्या हाताने बुच काढतो, झाकणात औषध ओततो, झाकणावरून बोटांवर ओघळलेलं पँटला पुसतो आणि बादलीत हात घालून ढवळतो. विषाचा मोठा वाटा फवारणी सुरू होण्याआधीच अंगावर चढलेला असू शकतो.

त्यामुळे एकच वस्तू घेणं परवडत असेल तर नायट्राइलचे जाड, कोपरापर्यंत येणारे हातमोजे घ्या. कापडी मोजे औषध धरून ठेवतात, चामड्याचे तर धुतलेही जात नाहीत. दवाखान्यातले पातळ मोजे द्रावकाने मऊ पडतात आणि फाटतात. मोजे काढण्याआधी हातात असतानाच साबणाने धुवायचे, मग काढायचे. नाही तर काढताना तेच औषध उघड्या बोटांना लागतं. मोजण्यासाठी खुणा केलेलं प्लॅस्टिकचं मोजपात्र ठेवा आणि ते घरात परत नेऊ नका. ओतताना बाटली कंबरेच्या खाली धरा. डोळ्यांच्या उंचीवर धरून खुणा वाचताना उडालेला थेंब नेमका डोळ्यात जातो. ढवळायला लांब काठी हवी. चष्मा आणि प्लॅस्टिकचा एप्रन मोजताना तरी घालाच. त्या दहा मिनिटांत उकाड्याचं कारण चालत नाही.

दुसरी जागा गळतीची. पंपाच्या झाकणाचं वायसर झिजलेलं असतं किंवा नसतंच. दांडीच्या खटक्याजवळचं ओरिंग गेलेलं असतं, नळीच्या क्लॅम्पच्या जागी सुतळी बांधलेली असते. पंप गळ्यापर्यंत भरून वाकलं की झाकणातून औषध पाठीवर येतं. फवारणीला जायच्या आदल्या दिवशी पंपात नुसतं पाणी भरा, पाठीवर घ्या, दहा मिनिटं चाला, दोनदा वाका. मग सदरा काढून बघा. पाठीवर ओला डाग असेल तर तो पंप दुरुस्त झाल्याशिवाय शेतात न्यायचा नाही. ही तपासणी फुकटची आहे, आणि बाजारातल्या कुठल्याही मास्कपेक्षा जास्त उपयोगाची आहे. १६ लिटरचा पंप असेल तर १२ लिटरच भरा. पंपामागे मजुरी ठरते तिथे हे पटत नाही हे खरं आहे. मजूर जितके पंप जास्त मारेल तितके पैसे जास्त, म्हणून तो घाई करतो, गळका पंप चालवतो, जेवायच्या सुट्टीत हात धूत नाही. रोजाने मजुरी दिली तर निम्मी घाई तिथेच संपते.

नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचं नाही. दोन नोझल जादा जवळ ठेवा, तुंबलेलं बदला, घरी जुन्या दातांच्या ब्रशने धुवा. तारेने कोरलं तर भोक मोठं होतं, मग थेंबांचा आकार आणि एकरी प्रमाण दोन्ही बिघडतात.

तिसरी जागा उंच पिकाची. पेरणीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात पऱ्हाटी (कपाशीचं झाड) गुडघ्याएवढी असते, फवारा खाली पडतो. ती छातीच्या वर गेली, फांद्या एकमेकींत शिरल्या, की माणूस ओल्या झाडांतून वाट काढत जातो. पानांवरचं सगळं औषध त्याच्या मांड्यांवर आणि पोटावर येतं. एक ओळ सोडून चालणं शक्य नसेल तर दांडी पुढे न धरता बाजूला किंवा मागे धरा, वाऱ्याला आडवं चाला, आणि वारा ज्या बाजूला जातोय त्या कडेपासून सुरुवात करून वारा जिकडून येतोय तिकडे सरकत जा. म्हणजे प्रत्येक वेळी पाय कोरड्या झाडांत असतील. पीक उंच असेल आणि फवारा वर मारायचा असेल तर हातमोज्यांची तोंडं बाहीच्या बाहेर काढून वर दुमडा, म्हणजे ओघळ आत जात नाही. खाली फवारताना उलट, मोजे बाहीच्या आत. पँट नेहमी गमबुटाच्या बाहेर सोडायची. आत खोचली की बूट औषधाने भरतो.

पॉवर स्प्रेची, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या पंपाची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. साध्या पंपाने एकरी साधारण २०० लिटर पाणी लागतं. पॉवर स्प्रेला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी लागतं, म्हणून शिफारशीत पॉवर स्प्रेसाठी औषधाची मात्रा लिटरमागे तिप्पट सांगितलेली असते. एकरी औषध तेवढंच राहतं, म्हणजे शिफारस चुकीची नाही. पण अंगावर उडणारा प्रत्येक थेंब तिप्पट तीव्र असतो, आणि थेंब बारीक असल्यामुळे तो हवेत जास्त वेळ तरंगतो. इथे लोक दोन चुका करतात. पॉवर स्प्रेची मात्रा घेऊन साध्या पंपात घालतात, म्हणजे एकरी तिप्पट औषध जातं. किंवा पॉवर स्प्रेने फवारतानाही झाडं निथळेपर्यंत मारतात, परिणाम तोच. किती मिली घ्यायचं हे विचारताना कुठल्या पंपाने मारणार हे सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा यातल्या बहुतेक गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या होत्या. डोक्याएवढी पऱ्हाटी, उकाडा आणि दमट हवा, किडींचा मोठा हल्ला, बारीक थेंब उडवणारे पंप, लागोपाठ कित्येक दिवस चाललेली फवारणी, आणि टाकीत एकत्र केलेली दोन-तीन औषधं.

त्या मिश्रणाबद्दल जरा थांबून सांगतो. एका टाकीत कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, विद्राव्य खत आणि वर स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) अशी पाच-पाच पुड्या-बाटल्यांची भेळ सर्रास केली जाते. एक मजुरी वाचते हे त्याचं कारण. पण ऑर्गॅनोफॉस्फेट (प्रोफेनोफॉसचा गट) आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिनचा गट) एकत्र आले की एक वेगळी अडचण होते. पायरेथ्रॉइड शरीरात मोडून निकामी करण्याचं काम जी विकरं (एन्झाइम) करतात, तीच विकरं ऑर्गॅनोफॉस्फेट बंद पाडतं. म्हणून दोन्ही मिळून परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होऊ शकतो. किडींवर हेच हवं असतं, म्हणून तर प्रोफेनोफॉस ४० आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के असं तयार मिश्रण विकलं जातं. माणसाचं शरीरही याच नियमाने चालतं. शिवाय दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरला नेमकं काय पोटात किंवा कातडीत गेलं हे कळत नाही, आणि चार औषधांची लक्षणं एकमेकांत मिसळतात. तयार मिश्रण असलेल्या बाटलीत आपण वरून त्याच गटाचं आणखी एक औषध घालतोय हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, कारण बाटलीवर मोठ्या अक्षरांत व्यापारी नाव असतं आणि विषाचं नाव बारीक असतं. ते बारीक नाव वाचा.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोणही समजून घ्या. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. लाल म्हणजे उंदरांना तोंडावाटे दिल्यावर किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅममध्ये निम्मे मरतात. पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याच्याही वर. एवढंच तो त्रिकोण सांगतो. डोळ्यांना काय होईल, पंधरा वर्षांनी काय होईल, मधमाश्या राहतील का, उतारा आहे का, यातलं काहीही त्यात नाही. पॅराक्वाट या तणनाशकाचा त्रिकोण लाल नाही, पिवळा आहे. पण त्यावर उतारा नाही, आणि पोटात गेलं तर एखादा घोटही फुफ्फुसं कायमची निकामी करायला पुरतो. कातडी शाबूत असेल तर ते फारसं आत जात नाही, पण खरचटलेल्या पाठीवर गळका पंप घेऊन फवारणाऱ्यांचे मृत्यू नोंदले गेले आहेत.

लक्षणं ओळखताना सगळ्यात मोठी फसगत होते ती ऊन लागण्याशी. दुपारी शेतात माणूस गरगरून बसला की लिंबू-पाणी देऊन झाडाखाली निजवतात, आणि मोलाचे दोन तास जातात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, ॲसिफेट या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांनी शरीरातलं ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं विकर बंद पडतं. नसांचा संदेश सुरू होतो पण थांबत नाही. मग अंगातल्या सगळ्या ग्रंथी पाझरायला लागतात. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, उलटी, जुलाब, आपोआप लघवी. छातीत घरघर, कारण फुफ्फुसांतही पाणी सुटतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि अंधुक दिसतं. पापण्या, दंड, पोटऱ्या यांचे स्नायू फडफडतात. उष्माघातात बाहुल्या अशा बारीक होत नाहीत, लाळ गळत नाही, आणि अंग भाजत असतं. मोबाइलच्या उजेडात बाहुल्या बघणं एवढं कोणालाही जमतं. नाडी मात्र फसवते. ती मंद असू शकते तशी जलदही.

चेहऱ्यावर मुंग्या, जळजळ, हुळहुळणं एवढंच असेल तर ते बहुधा पायरेथ्रॉइडचं असतं. पाणी लागलं, घाम आला की वाढतं आणि साधारण एका दिवसात जातं. तेल लावल्याने जळजळ कमी होते, पण आधी साबणाने धुवा. नुसतं तेल चोळलं तर उरलेलं औषध आत मुरतं.

लागलंय असं वाटलं की क्रम असा ठेवा. शेतातून बाहेर काढा. जागेवरच सगळे कपडे उतरवा, चड्डी, करदोरा, पायताण, कातडी पट्टा सगळं. साबण आणि भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा. केस, कानामागे, नखं, जांघा विसरू नका. डोळ्यात गेलं असेल तर साध्या पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं धरा, पापणी बोटाने वर उचलून. धुणाऱ्यानेही मोजे घालावेत, नाही तर हाताला पिशव्या बांधाव्यात. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर, तोंड थोडं खाली करून झोपवा म्हणजे उलटी श्वासनळीत जाणार नाही. झटके येत असतील तर तोंडात काही घालू नका. दूध, तूप, ताक, चुन्याचं पाणी काही पाजू नका. कातडीतून गेलेल्या विषाला पोटातलं दूध काय करणार? आणि पोटात गेलेलं औषध तेलकट असेल तर दुधा-तुपातली चरबी त्याच्या पथ्यावरच पडते. मिठाचं पाणी देऊन उलटी काढणं तर सगळ्यात घातक. ईसीमधलं द्रावक वर येताना फुफ्फुसात शिरलं तर विषापेक्षा तेच जीव घेतं.

१०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. टाकीत तीन औषधं असतील तर तिन्ही बाटल्या. बाटली नेणं शक्य नसेल तर लेबलचा फोटो काढा, विषाचं बारीक नाव वाचता येईल असा. लेबलवर उतारा लिहिलेला असतो. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर डॉक्टरांना आणि तुम्हालाही सल्ला देतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसाठी चार ओळी. ऑर्गॅनोफॉस्फेटची लक्षणं स्पष्ट असतील तर रेफर करण्याआधी ॲट्रोपिन सुरू करा. मोठ्या माणसाला १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ च्या तीन ते पाच ॲम्प्यूल शिरेतून. दर पाच मिनिटांनी प्रतिसाद बघायचा, सुधारणा नसेल तर मात्रा दुप्पट करायची. मुख्य खुणा दोन, छाती साफ होणं आणि नाडी ८० च्या वर येणं. बाहुल्या मोठ्या व्हायची वाट पाहायची नाही. प्रॅलिडॉक्सिम द्यायचं ठरलं तर उशिरा त्याचा उपयोग राहत नाही, कारण विष विकराला कायमचं चिकटून बसतं, आणि काही ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये हे काही तासांतच होतं. दुसरीकडे डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांच्यावर ॲट्रोपिन हा उतारा नाही. तिथे लक्षणांवरच उपचार. म्हणून बाटली हवी.

आणि नातेवाइकांनी एक लक्षात ठेवायचं. पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून घरी न्यायची घाई करू नका. २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान उचलता न येणं, गिळता न येणं आणि मग श्वास मंदावणं असा दुसरा झटका येऊ शकतो. उशीवरून मान उचलून दाखव म्हटलं आणि जमलं नाही, तर तो धोक्याचा इशारा. काहींना दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या आणि लुळेपणा येतो, तोवर फवारणीशी त्याचा संबंध कोणी जोडतही नाही.

जे हंगामभर दुसऱ्यांच्या शेतात फवारणी करतात, त्यांना बऱ्याचदा एकदम काही होत नाही. डोकं दुखणं, झोप न लागणं, चिडचिड, हात थरथरणं असं सुरू राहतं, कारण ते विकर थोडं थोडं उतरत जातं आणि भरून यायला वेळ लागतो. तांबड्या रक्तपेशींतलं विकर दिवसाला साधारण एक टक्का या गतीनेच भरतं. रक्त तपासून ते कळतं, पण एकदाच केलेली तपासणी दिशाभूल करते. निरोगी माणसांतच या आकड्याचा पल्ला इतका मोठा आहे की एखाद्याचा तिसरा हिस्सा उतरला तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’ येऊ शकतं. हंगाम सुरू होण्याआधी, महिनाभर औषधाला हात न लावलेला असताना एक तपासणी आणि ऐन फवारणीत दुसरी, अशी त्याच माणसाची तुलना हवी. स्वतःच्या आधीच्या आकड्यापेक्षा ३० टक्के खाली गेला तर फवारणी थांबवून दुसरं काम. जे गट वर्षानुवर्षं फवारणी करतात त्यांच्यात पार्किन्सन्स (अंग थरथरण्याचा मेंदूचा आजार) जास्त आढळतो, विशेषतः पॅराक्वाट वापरणाऱ्यांत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. हे एका फवारणीचं भय दाखवण्यासाठी सांगत नाही. रोज फवारणाऱ्याने आपला वाटा कमी करायला हवा एवढंच.

घरातल्यांच्या अंगावर काय येतं? फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकले जातात आणि बहुतेक वेळा बाईच ते उघड्या हाताने चोळते. वेगळ्या बादलीत, मोजे घालून, गरम पाणी आणि धुण्याच्या पावडरीने दोनदा धुवा. निव्वळ औषध सांडलेला कपडा धुऊ नका, टाकून द्या. फवारलेल्या शेतात निंदायला किंवा वेचायला दुसऱ्या दिवशी बाया पाठवल्या जातात. लेबलवर शेतात परत जाण्याची मुदत दिलेली असते. नसेल तर निदान २४ तास, जहाल औषधाला ४८, आणि पानं ओली असतील तर कधीच नाही. बांधावरचं गवतही तेवढे दिवस गुरांना कापायचं नाही. गोचिडांसाठी गुरांना किंवा उवांसाठी पोरांच्या डोक्याला शेतातलं औषध लावणं अजूनही चालतं. वर दिलेला डोक्याच्या कातडीचा आकडा आठवा.

औषध दुसऱ्या बाटलीत काढून ठेवणं किंवा रिकाम्या डब्याचा घरात वापर करणं, दोन्ही सारखंच घातक. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. अन्नातल्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. रिकामी बाटली पाव भरून पाण्याने अर्धा मिनिट हलवा, ते पाणी फवारणीच्या टाकीत ओता, असं तीनदा करा, मग बुडाला भोक पाडा. जाळू नका, त्या धुराने शेजारीच आजारी पडतात. साठवणीला कुलूप हवं, किल्ली एकाकडेच. मुलांसाठी तर आहेच, पण रागाच्या किंवा हताशेच्या घटकाभरात हाताशी बाटली असणं आणि नसणं यात फार फरक पडतो. श्रीलंकेने १९९५ पासून जहाल औषधं एकेक करून बंद केली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून बरंच खाली आलं.

आता विहीर. शेतात फवारलेल्या औषधापेक्षा विहिरीच्या काठावर धुतलेला पंप जास्त नुकसान करतो. पुन्हा हिशोब. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव) याच्या १ मिलीत ३६० मिलिग्रॅम विष. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम. म्हणजे १ मिली औषध ३ लाख ६० हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. सहा मीटर व्यासाच्या, पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे १ लाख ४१ हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे अशा अडीच विहिरींना एक मिली. आणि बाटली उघडायचीही गरज नाही. लिटरला २ मिलीने कालवलेल्या पंपाच्या तळाशी राहिलेलं पाव लिटर पाणी काठावर ओतलं आणि ते विहिरीत उतरलं, तर १८० मिलिग्रॅम विष गेलं. त्या एका विहिरीची मर्यादा ओलांडायला ते पुरेसं आहे. मोनोक्रोटोफॉस पाण्यात पूर्ण विरघळतं, मातीत अडत नाही, त्यामुळे ते खाली उतरतंच. क्लोरपायरिफॉससारखं औषध मातीला धरून बसतं, ते मुख्यतः गाळासोबत नाल्यात वाहून जातं.

म्हणून औषध कालवण्याची आणि पंप धुण्याची जागा विहीर, बोअर, नाला, हौद यांच्यापासून निदान ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवी. पाणी ड्रममध्ये भरून तिकडे न्या. पंप विहिरीवर नेऊ नका. मोटारीची नळी टाकीच्या पाण्यात बुडवून भरत असाल तर मोटार बंद पडताच टाकीतलं औषध उलटं ओढलं जाऊन थेट विहिरीत जातं. नळीचं तोंड टाकीच्या वर वीतभर लटकतं ठेवा. धुतलेलं पाणी फवारलेल्या शेतातच, पसरून. पिण्याच्या विहिरीबद्दल शंका असेल तर पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून विष जात नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि उरलेल्यात ते घट्ट होतं. सक्रिय कार्बनच्या गाळणीने बरंच कमी होतं, पण कार्बन वेळेवर बदलला तरच. तोवर पिण्याचं पाणी दुसरीकडून.

हवेतून किती लांब जातं हे थेंबाच्या आकारावर आहे. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब तीन मीटर उंचीवरून सुमारे दहा सेकंदांत खाली येतो आणि ताशी पाच किलोमीटरच्या झुळकीत चौदा-पंधरा मीटर सरकतो. २० मायक्रॉनच्या थेंबाला चार मिनिटं लागतात, तो तीनशे मीटरच्या पुढे जातो, म्हणजे शाळेच्या अंगणात किंवा शेजाऱ्याच्या वांग्यात. वारा अजिबात नसलेली पहाट सुरक्षित वाटते, पण तेव्हा थंड हवा जमिनीलगत साचते आणि बारीक थेंब तिथेच ढगासारखे तरंगत राहतात. पान हलेल एवढी मंद झुळूक चांगली. मधमाश्यांसाठी संध्याकाळची वेळ बरी, त्या पोळ्यात परततात. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाचे काही नॅनोग्रॅम एका मधमाशीला पुरतात, म्हणून फुलांवर आलेल्या तुरीवर ते मारताना दोनदा विचार करा.

टू-फोर-डी या तणनाशकाची बाधा तर कपाशीला उघड दिसते. पानं भेंडीच्या पानांसारखी चिरफाळतात, शेंडा आखडतो. शेजाऱ्याने उसात मारलेलं असतं, किंवा आपल्याच पंपात मागच्या वेळचं उरलेलं असतं. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा.

शेवटी, हे सगळं सांभाळूनही फवारण्यांची संख्या कमी करणं हाच मोठा फरक आहे, आणि ती मोजणीने होते. पानामागे तुडतुडे दोन-तीन, फुलकिडे दहा, पांढरी माशी आठ-दहा, यापेक्षा कमी असतील तर फवारणीचा खर्च निघत नाही. एकरात वेगवेगळ्या जागी वीस झाडं घ्या, प्रत्येकाचं वरचं, मधलं आणि खालचं एक पान उलटून मोजा. अर्ध्या तासाचं काम. सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड मारलं की ढालकिडे, क्रायसोपा, कोळी हे किडी खाणारे मित्र मरतात आणि काही आठवड्यांत पांढरी माशी आधीपेक्षा जास्त येते, मग तिच्यासाठी आणखी जहाल औषध. पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के लिंबोळी अर्कावर बरंच भागतं. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर नऊ-दहा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा घाला, १०० लिटर करा आणि त्याच दिवशी संध्याकाळी मारा. दुसऱ्या दिवसावर ठेवलेला अर्क उतरतो. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी दिसली, तरच फवारणीची तयारी करा. डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुलं) दिसतील तशा तोडून बादलीत गोळा करा आणि शेताबाहेर नष्ट करा. बांधावर टाकल्या तर त्यातली अळी पुन्हा तुमच्याच पऱ्हाटीवर येते.